आल्याचे दोन पेले

वस्तादांच्या घरात सासू आणि सून एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण ऐकाल तर हसाल. माळा आवरताना सुनेने एक पोचे पडलेली किटली भंगारवाल्याला देऊन टाकली, आणि ती निघाली सासूच्या आईची आठवण. सून म्हणाली, "मला काय स्वप्न पडलं होतं?" सासू म्हणाली, "विचारायला तोंड नव्हतं?" झालं. त्या दिवसापासून दोघींनी तोंडाला कुलूप घातलं. लेकी बोले सुने लागे म्हणतात, पण या घरात लेक नव्हती, म्हणून सासू भिंतीला बोलायची आणि सुनेला लागायचं. सूनही काही कमी नव्हती. ती आपल्या शिलाई मशीनशी बोलायची, आणि मशीन नेमकं स्वयंपाकघराच्या दारात होतं.

दोघींच्या मधे सापडले होते वस्ताद. रस्त्याला लागून त्यांचं दोन खुर्च्यांचं सलून, आणि आतला पडदा सरकवला की घर. आख्खी गल्ली त्यांना वस्तादच म्हणायची, कारण सगळीकडे ब्लेड बदलायचे वस्तरे आले तरी ते अजून जुना वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर परजून दाढी करत. मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. तो घरी यायचा तो पाहुण्यासारखा, आणि त्याच्यासमोर दोघी अशा गोड वागायच्या की त्याला कशाचा पत्ताच नव्हता.

गेल्या वर्षी वस्तादांच्या हृदयाची झडप बदलली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची एक गोळी मागे लागली होती, जन्मभरासाठी. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरबाईंनी दोघींना समोर बसवून सांगितलं होतं, "रक्त फार घट्ट झालं तर झडपेवर गुठळी होईल. फार पातळ झालं तर कुठूनही वाहायला लागेल. मधे राहिलं पाहिजे. दर महिन्याला तपासणी चुकवायची नाही, आणि मला विचारल्याशिवाय दुसरं काहीही घ्यायचं नाही." दोघींनी माना डोलावल्या. दुसरं काही म्हणजे गोळी, बाटली, इंजेक्शन. आलं काही औषधाच्या दुकानात मिळत नाही. आलं भाजीच्या टोपलीत असतं.

आणि आल्याने गुण दिला होता, हे खोटं नाही. ऑपरेशननंतर वस्तादांना अन्नाचा वास सहन होईना. ताट समोर आलं की मळमळायचं. सासूने आल्याची चकती मीठ लावून चघळायला दिली आणि त्या दिवशी त्यांच्या पोटात चार घास गेले. इथवर सगळं ठीक होतं. पण माणसाचं असं आहे, एका चकतीने बरं वाटलं की त्याला वाटतं मूठभर खाल्लं तर धावायलाच लागेल. सासूने रोज सकाळी सुंठेचा काढा सुरू केला. घट्ट, तपकिरी, चमचा उभा राहील असा. दिवसभर उभं राहून वस्तादांचे गुडघे दुखत, त्यावर उतारा म्हणून. आणि सून संध्याकाळी ओलं आलं किसून, फडक्यातून पिळून, मध घालून पेलाभर रस न्यायची. खोकल्यासाठी, पचनासाठी, आणि खरं सांगायचं तर सासूच्या आधी सासऱ्यांना बरं करून दाखवण्यासाठी.

सासूचा काढा सुनेला माहीत नव्हता. सुनेचा रस सासूला माहीत नव्हता. टोपलीतलं आलं भराभर संपतं हे दोघींना दिसत होतं, पण दोघींना वाटायचं, दुसरी चहात टाकत असेल. विचारायचं कुणी? दोघी आपापलं वेगळं आलं आणायला लागल्या. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. इथे एकाच घरातला पाहुणा गळ्यापर्यंत पाजला जात होता.

वस्ताद दोन्ही पेले मुकाट्याने प्यायचे.

सुनेला पहिली भीती वाटली ती त्यांचा शर्ट उसवला तेव्हा. खांद्याची शिवण घालायला तिने तो मागून घेतला, तर दंडावर जांभळा डाग, तळहाताएवढा. "कुठे आपटलात, बाबा?" "छे, खुर्चीचा हात लागला असेल," ते म्हणाले. खुर्चीचा हात त्या खुर्चीला पहिल्यापासून होता आणि त्याने आजवर कुणाला एवढं मारलं नव्हतं. मग एका सकाळी बेसिन धुताना तिला चूळ गुलाबी दिसली. सासूला सांगावं असं मनात आलं, पण सांगायचं म्हणजे आधी बोलायचं. सासू चुलीकडे तोंड करून उभी होती, आणि तिची पाठसुद्धा रुसलेली दिसत होती. सुनेने बेसिनमध्ये पाणी सोडून दिलं.

अशक्तपणा असेल, तिने स्वतःला समजावलं. त्या संध्याकाळी तिने आल्याचा एक तुकडा जास्त पिळला.

रक्ताची तपासणी? ती सुनेला आठवली होती. पण ते काम सासूकडे असायचं आणि सासू काही चुकवायची नाही, म्हणून सून निश्चिंत होती. सासूलाही तपासणी आठवली होती. पण सून त्याच बाजूला शिवलेले कपडे पोचवायला जाते, तिनेच नेलं असेल, असं तिने धरलं होतं. दोघींपैकी एकीनेही वस्तादांना विचारलं नाही, आणि वस्तादांना सुईची भीती वाटायची.

ते घडलं भर दुपारी. शाळेतले चित्रकलेचे मास्तर खुर्चीत मान मागे टाकून, डोळे मिटून पडले होते. अर्धी दाढी झाली होती. पडद्याआड सून कुणाच्यातरी पँटला चेन लावत होती. वस्ताद वस्तरा पट्ट्यावर परजत होते. हा हात त्यांचा इतका सरावाचा की ते त्या वेळी रस्त्यावरची माणसं मोजत असत. त्या दिवशी हात चुकला. पातं अंगठ्याच्या बुडाशी गेलं. एवढंसंच गेलं. असं धंद्यात पूर्वीही झालं होतं, आणि त्यावर तुरटीचा खडा फिरवला की संपलं, म्हणून ते तसेच पुढे वाकले.

मास्तरांच्या गळ्यावर काहीतरी कोमट टपटपलं. त्यांनी डोळे उघडले, आरशात पाहिलं. पांढऱ्याशुभ्र कापडावर लाल धार.

"मेलो!" मास्तर ओरडले आणि दोन्ही हातांनी आपला गळा धरला. "वस्ताद, कापलात मला!"

"तुम्हाला नाही हो मास्तर, मला लागलंय. ओरडू नका, गिऱ्हाईक पळेल."

सून पडदा सारून आली ती हसतच. मास्तर साबण लावलेला गळा चाचपून जखम शोधत होते आणि ती सापडत नाही म्हणून आणखी घाबरत होते. मग तिची नजर वस्तादांच्या हाताकडे गेली आणि हसू ओठातच सुकलं. तुरटीचा खडा लाल झाला होता. वस्ताद तो दाबून धरत होते आणि खड्याच्या चारी बाजूंनी रक्त येत होतं. जोरात नाही. शांतपणे, न थांबता, नळ नीट बंद न केल्यासारखं.

"दाबा, बाबा. घट्ट दाबा." तिने हातातलं कापड त्यांच्या अंगठ्याला गुंडाळलं. ते भिजलं. त्यावर टॉवेल गुंडाळला. टॉवेलवर डाग उमटला आणि तिच्या डोळ्यांदेखत पसरत गेला. आयुष्यात तिने सुईने हजारदा बोटं टोचून घेतली होती. रक्त येतं आणि थांबतं, हे तिला श्वासासारखं ठाऊक होतं. हे थांबत नव्हतं.

सासू धावत आली. आणि खरं सांगतो, त्या वेळीसुद्धा या दोन बायका एकमेकींशी बोलल्या नाहीत.

"अहो, हात वर धरा म्हणावं," सासू नवऱ्याला म्हणाली.

"बाबा, वरच धरलाय ना तुम्ही हात," सून म्हणाली.

"अहो, गाडी बोलवायला सांगा कुणालातरी!"

"माझी गाडी आहे," मास्तर म्हणाले. अर्ध्या चेहऱ्यावर साबण, गळ्यात लाल कापड, असे ते तिघांना घेऊन निघाले. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या बाईने त्यांच्याकडे पाहून काच वर केली. एरवी वस्ताद यावर आठवडाभर हसले असते. आता ते मागच्या सीटवर डोळे मिटून बसले होते आणि म्हणत होते, "डोकं जरा जड वाटतंय. कालपासूनच."

"कालपासून? मग सांगितलं का नाही?" दोघी एकदम म्हणाल्या, आणि एकदम बोलल्याबद्दल दोघींनी तोंडं फिरवली.

दवाखान्यात टाके पडले, घट्ट पट्टी बसली, आणि अंगठा एकदाचा थांबला. सुनेने श्वास सोडला. पण डॉक्टरबाई रक्ताचा अहवाल घेऊन आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी होती.

"रक्त फार म्हणजे फार पातळ झालंय. अंगठ्याचं मला काही वाटत नाही, तो दिसतो तरी. न दिसणाऱ्या जागेची भीती आहे. पोटात, डोक्यात. गोळी एकच घेत होता ना? दोन तर नाही? अंगदुखीचं काही? घरगुती काही? काढा, चूर्ण, रस?"

रस हा शब्द सुनेच्या कानात वाजत राहिला. आलं? आल्याने असं होतं? तिला वाटलं, आपल्या हाताला अजून त्याचा वास येतोय आणि तो सगळ्यांना येतोय. तिने सासूकडे पाहिलं. सासू तिच्याकडेच पाहत होती, डोळे ताणून. या बाईसमोर सांगायचं, की तुमच्या नवऱ्याला मी रोज पेला भरून पाजत होते? ट्रक घेऊन कुठेतरी निघालेल्या नवऱ्याला फोन करून सांगायचं, की तुझ्या बापाला मी मारलं?

"नाही," सून म्हणाली. "काही नाही."

"काही नाही," सासूही म्हणाली.

"आजोबा, तुम्ही सांगा. काय घेत होता?"

वस्तादांनी बायकोकडे पाहिलं, मग सुनेकडे, मग छताकडे. "घरचं जेवण," ते म्हणाले.

डॉक्टरबाईंनी डोक्याचा फोटो काढायला सांगितला. चाकांच्या पलंगावरून त्यांना नेलं तेव्हा त्यांच्या पायातली एक चप्पल तशीच होती. ती काढायचं कुणाला सुचलं नाही. दोघी बाकावर बसल्या, मधे तिसरं माणूस बसेल एवढी जागा सोडून. मास्तर गिऱ्हाइकाच्या कापडासकट घरी गेले होते.

सून बाकाची कड धरून बसली. खोटं बोलून झालं होतं आणि आता ते खोटं आत त्या यंत्राशेजारी उभं होतं. डॉक्टरांना कारण कळलं नाही तर ते चुकीचं औषध देतील का? उद्या घरी सोडलं आणि पुन्हा कुणी तोच पेला हातात दिला तर? म्हणजे मीच. दुसरं कोण देणार? करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं आयुष्यभर सांगत फिरायचं का? कॉरिडॉरमधून कुणी घाईने गेलं की ती मान उंचावून बघायची. शेवटी तिला बसवेना. काय व्हायचं ते होऊ दे, नवरा हाकलून देईल, देऊ दे. ती उठली आणि डॉक्टरबाईंच्या दाराकडे चालू लागली.

दारापाशी पोचली तर सासू तिच्या आधी तिथे उभी. केव्हा उठली होती कोण जाणे. हात कडीवर, आणि कडी काही दाबली जात नव्हती.

कित्येक आठवड्यांनी सासूने सुनेकडे तोंड केलं. "मी त्यांना सुंठ देत होते गं," ती म्हणाली. "रोज सकाळी. घट्ट काढा. मी मारलं गं त्यांना."

सुनेच्या मनात त्या क्षणी जे आलं ते तिने पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. तिला सुटल्यासारखं वाटलं. एकटी मी नव्हते. क्षणभरच, पण वाटलं. सासरे आत यंत्रात पडलेले, आणि आपल्याला हे वाटतं? तिला स्वतःचीच अशी भीती वाटली की तिने सासूचा हात घट्ट धरला.

"आई, मी पण देत होते. ओल्या आल्याचा रस. संध्याकाळी."

"किती?"

"पेलाभर."

"पेलाभर!" सासू खाली बसायचीच, पण सुनेने तिला धरलं. मग दोघींनी मिळून कडी दाबली.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, त्यामुळे दोघी आणखी घाबरल्या. त्या सगळं लिहून घेत होत्या. "चहात टाकता, भाजीत घालता तेवढ्या आल्याने कुणाचं बिघडत नाही," त्या म्हणाल्या. "मळमळीला ते चांगलंच. पण या गोळीवर असताना रोज असे काढे आणि रस? हे सगळं आल्यानेच झालं असं मी छातीठोक नाही सांगणार. पण त्यानेही रक्त पातळ होऊ शकतं, गोळीच्या जोडीला जास्तच. तपासणी कधी केली होती शेवटची?"

सासूने सुनेकडे पाहिलं. सुनेने सासूकडे पाहिलं. "तुम्ही नेलं होतं ना?" "मी? मला वाटलं, तू." डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

"तपासणी झाली असती तर हे आधीच कळलं असतं," त्या म्हणाल्या. "असो. डोक्यात थोडं रक्त उतरलंय. लहानसा डाग आहे. वाढला नाही तर निभावेल. वाढला तर डोकं उघडावं लागेल, आणि या रक्तावर ते करणं फार जोखमीचं. आता रक्त घट्ट करणारं इंजेक्शन देतेय. तेही बेतानेच, कारण जास्त घट्ट झालं तर झडपेला धोका." इकडे आड, तिकडे विहीर, असं सासू तोंडातल्या तोंडात म्हणाली. "संध्याकाळपर्यंत तासातासाला उठवून प्रश्न विचारायचे. बोलण्यात फरक पडला, माणसं ओळखेनासे झाले, की लगेच बोलवायचं."

वस्तादांना खोलीत आणलं. पट्टी बांधलेला हात उशीवर, दुसऱ्या हाताला नळी. चेहरा इतका पांढरा की दाढीचा साबण तसाच राहिल्यासारखा. पलंगाच्या एका बाजूला सासू बसली, दुसऱ्या बाजूला सून. दोघी त्यांच्या छातीकडे बघत बसल्या.

"हलतेय ना गं?"

"हलतेय, आई."

थोड्या वेळाने पुन्हा, "बघ गं, हलतेय ना?"

"हलतेय."

तास भरला तशी नर्स आली. जाडजूड, हसरी बाई. "आजोबा, उठा बरं. मी विचारते त्याची उत्तरं द्यायची. काम काय करता तुम्ही?"

"सलून आहे," वस्ताद डोळे किलकिले करून म्हणाले. "तुमच्या मिस्टरांना पाठवा."

नर्स हसली. सुनेचा जीव थोडा भांड्यात पडला.

"आता सांगा, या दोघी कोण?"

वस्तादांनी बायकोकडे पाहिलं. मग मान वळवून सुनेकडे पाहिलं. पुन्हा बायकोकडे. ओठ उघडले आणि मिटले.

"आजोबा? या दोघी कोण तुमच्या?"

काही नाही. नजर इकडून तिकडे, तिकडून इकडे. कपाळावर घाम. नर्सचं हसू गेलं. तिने घड्याळाकडे पाहिलं आणि भिंतीवरच्या घंटीकडे हात नेला. सुनेला वाटलं, झालं, संपलं. डाग वाढला. हा माणूस आपल्याला आता कधीच ओळखणार नाही.

आणि मग सुनेला तो चेहरा ओळखू आला. संध्याकाळी रस घेऊन गेलं की वस्ताद आधी स्वयंपाकघराकडे नजर टाकायचे आणि मगच पेला घ्यायचे. तो हाच चेहरा होता. "घरचं जेवण" म्हणतानाही हाच होता. माणूस विसरला नव्हता. हिला आधी म्हणू की तिला, हे त्याला ठरवता येत नव्हतं. डोक्यात रक्त उतरलेलं असतानासुद्धा.

"बाबा," ती रडतच म्हणाली, "आधी आईंना म्हणा. मला काही वाटणार नाही."

"नको हो, तिला आधी म्हणा!" सासू ओरडलीच. "कुणालाही आधी म्हणा, पण बोला!"

"तुम्ही सांगू नका, त्यांना बोलू द्या," नर्स दटावून म्हणाली. तिचं बोट घंटीवर टेकलं होतं.

वस्ताद दोघींकडे पाहत राहिले. मग अगदी हळू, घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बोलताय तुम्ही एकमेकींशी?"

"बोलतोय," दोघी म्हणाल्या.

"कधीपासून?"

"आत्तापासून. बाबा, सांगा ना."

"ही बायको," वस्ताद म्हणाले. "ती सून." आणि एवढ्यानेच थकून त्यांनी डोळे मिटले. "पेले घेऊन आलात की तेवढ्यापुरतं माझ्याशी नीट बोलायचात. एकीला नको म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, दुसरीचं बरं चालतं. मला आलं आवडत नाही गं. कधीच आवडत नव्हतं."

नर्सने घंटीवरचं बोट काढलं आणि हातातल्या कागदावर खूण केली. "ठीक आहेत. पण अजून काही खरं नाही हं. तासाभराने पुन्हा विचारणार."

ती गेली. सून उठली, आपली खुर्ची ओढत पलंगाला वळसा घालून आली आणि सासूच्या खुर्चीला चिकटवून ठेवली. पुढच्या तासाला वस्तादांना मान वळवावी लागू नये म्हणून दोघी एकाच बाजूला बसल्या.